केसांची केस

पोराला लातूरला क्लासला ठेवणं म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. निलंग्याचा, औशाचा, अहमदपूरचा बाप सोयाबीनची पट्टी हातात पडली की आधी क्लासचा हप्ता भरतो, मग दुकानदाराची उधारी. मुखेड, देगलूर, किनवटकडची मंडळी नांदेडला खोली करून देतात. रविवारी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आई खोलीवर जाते, दार उघडतं आणि समोर मानेवर रुळणारे केस, कानात बाळी, वाढलेली दाढी, गळ्यात गमछा. भगवा असेल, निळा असेल, हिरवा असेल, पिवळा असेल. रंगाप्रमाणे बापाच्या कपाळावरची आठी कमीजास्त होते, एवढंच.

इथवर ते घरचं भांडण. दिवाळीपर्यंत मिटतं, नाहीतर न्हावी मिटवतो. मी नांदेडला फौजदारी वकिली करते, त्यामुळं तुमची माझी गाठ पडते ती पुढच्या टप्प्यावर. आरक्षणाचा रास्ता रोको, विटंबनेच्या निषेधाचा मोर्चा, पीकविम्यासाठी तहसीलवरचा ठिय्या, आणि मग ‘गैरकायद्याची मंडळी जमवली’, ‘सरकारी कामात अडथळा आणला’ असं लिहिलेला कागद घरी येतो. त्या दिवशी आई-बाप मला दोन गोष्टी हमखास विचारतात. पहिली, याच्या शिक्षणावर, नोकरीवर काय परिणाम होईल? दुसरी जरा आवाज खाली आणून: “मॅडम, ह्याचा हा असला अवतार बघून जजसाहेबाला काय वाटंल?”

पहिल्याचं उत्तर कागदपत्रं बघून देता येतं. आज दुसऱ्याबद्दलच बोलू.

भोकरकडची एक माय आठवते. पोराला हजर करायचं होतं, त्याच्या आधी ती कोर्टाच्या आवारातल्या लिंबाखाली येऊन बसली होती. कापडाच्या पिशवीत इस्त्री केलेला पांढरा शर्ट, कंगवा आणि खोबरेल तेलाची छोटी बाटली. “पाच मिन्टं मिळतील का हो मॅडम, त्याचा भांग पाडते,” म्हणाली. नवरा बाजूला उभा होता, तो करवादला, “आता भांग पाडून काय उपयोग? कव्हाच सांगत होतो, केस काप म्हणून.” जणू काही दगडफेक केसांनीच केली होती.

ती माय खुळी नव्हती. माणूस माणसाला कसा बघतो हे तिला आम्हा काळ्या कोटवाल्यांइतकंच कळलेलं होतं. बापाचं म्हणणं मात्र मला आजही पटत नाही.

कायद्याच्या पुस्तकात केसांच्या लांबीला कलम नाही. उलट दिसण्यावरून घोटाळा होतो हे कायद्याला चांगलं माहीत आहे. ओळख परेडच घ्या. संशयिताला दाढी असेल तर त्याच्या शेजारी दाढीवालीच माणसं उभी करायची, साधारण त्याच वयाची, त्याच अंगलटीची. नाहीतर साक्षीदार गुन्हेगार ओळखत नाही, फक्त दाढी ओळखतो. पोलीस पोराच्या तोंडावर बुरखा टाकून त्याला गाडीतून उतरवतात तेव्हा तुम्हाला मेल्याहून मेल्यासारखं होतं. पण बहुतेक वेळा तो बुरखा ह्याच परेडसाठी असतो. साक्षीदारानं चेहरा आधीच पाहिला तर परेडीला किंमत उरत नाही. म्हणजे ते काळं कापड तुमच्या लेकराच्या बाजूचं आहे. अर्थात अटकेचा फोटो आदल्या रात्रीच गावच्या ग्रुपवर फिरलेला असला तर कापडही नावाला आणि परेडही नावाला. म्हणून तो फोटो पुढं पाठवणाऱ्या भावकीला आधी आवरा.

जमावाच्या केसेसमध्ये तर कपडे हाच पुरावा होऊन बसतो. चेहरा कुणाला धड दिसलेला नसतो. व्हिडिओ बघून जबाब लिहिला जातो: लाल टी-शर्ट, डोक्याला भगवा रुमाल. त्या दिवशी अर्ध्या लातूरच्या डोक्याला तसाच रुमाल असतो. अशा वेळी कपडा एका माणसाकडं बोट दाखवतो की हजाराकडं, हे न्यायालयाला दाखवून देणं हेच आमचं काम.

पण कायदा असा असला तरी डोळा तसा नसतो, आणि डोळा दोन्हीकडं फसतो. १९५९ साली मुंबईत कमांडर नानावटी खुनाच्या आरोपाखाली उभे राहिले ते नौदलाच्या पांढऱ्याशुभ्र गणवेशात, छातीवर पदकं लावून. ज्युरीनं ८ विरुद्ध १ मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांनाच तो निकाल पटला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडं पाठवलं, तिथं जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. एकट्या गणवेशानं निकाल फिरला असं मी म्हणणार नाही, एका साप्ताहिकानं तर त्यांच्या बाजूनं रान उठवलं होतं. पण तोच माणूस कळकट शर्टात उभा असता तर गर्दीला इतका हळवा वाटला असता का, हे तुम्हीच सांगा.

त्यानंतर दहा वर्षांनी अमेरिकेत शिकागोला नेमकी उलटी गोष्ट घडली. तिच्यावर २०२० साली नेटफ्लिक्सवर सिनेमा आला, तुमच्या पोरांनी पाहिला असेल. व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात १९६८ मध्ये निदर्शनं झाली, दंगल पेटली आणि आठ जणांवर कट करून दंगल भडकवल्याचा खटला भरला गेला. ॲबी हॉफमन आणि जेरी रुबिन हे त्यातले दोघे लांब केसांचे, रंगीबेरंगी कपड्यांचे. कोर्टाची टर उडवायची हे त्यांनी ठरवूनच टाकलेलं. एके दिवशी ते चक्क न्यायाधीशाचे झगे घालून आले. आठवा आरोपी बॉबी सील, काळ्या लोकांच्या ब्लॅक पँथर पक्षाचा नेता. त्यानं माझा वकील इथं नाही, मला स्वतःला बाजू मांडू द्या, असा धोशा लावला तेव्हा न्यायाधीश ज्युलियस हॉफमन यांनी त्याला भर कोर्टात खुर्चीला बांधून तोंडात बोळा कोंबायला लावला. पुढं त्याचा खटला वेगळा काढला, राहिले सात. झगा घालणाऱ्यांची गंमत झाली आणि साधं बोलू द्या म्हणणाऱ्याच्या तोंडात बोळा गेला, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. सगळ्यांना बंडखोरी सारख्याच भावात पडत नाही.

ज्युरीत दहा बायका आणि दोन पुरुष होते. ज्युरी निवडताना बचावाच्या वकिलांची मागणी होती की लांब केसांच्या, हिप्पी राहणीच्या पोरांबद्दल तुमच्या मनात काही अढी आहे का, हे त्यांना विचारा. न्यायाधीशांनी ते विचारलं नाही. खटला संपल्यावर ज्युरीच्या खोलीतल्या गोष्टी बाहेर आल्या, त्यात हेही निघालं की ह्या लोकांना त्यांच्या दिसण्यासाठी, भाषेसाठी आणि राहणीसाठी दोषी धरावं असं म्हणणारं तिथं होतं. फेब्रुवारी १९७० मध्ये निकाल लागला. कटाच्या आरोपातून सातही सुटले, दोघं पूर्ण निर्दोष, पाच जण दंगल भडकवल्याबद्दल दोषी. त्या पाचांत डेव्हिड डेलिंजरही होते, पन्नाशी ओलांडलेले, नीटनेटके, कोट घालून येणारे. तेव्हा कोट घातला की सुटका, असाही हिशेब नाही. तुरुंगात पोरांचे केस कापले गेले. १९७२ मध्ये वरच्या न्यायालयानं त्या शिक्षा रद्द केल्या आणि ज्या कारणांनी केल्या त्यातलं एक हेच होतं: मनातल्या अढीबद्दल ज्युरीला विचारायला हवं होतं, ते विचारलंच नाही.

ह्या सगळ्यात मला सगळ्यात बोलकी वाटते ती निकालानंतरची एक सभा. सरकारी वकील थॉमस फोरन एका शाळेत पालकांपुढं बोलायला गेले, म्हणजे आपलं हे चाललंय तसंच हितगुज. तिथं त्यांनी सांगितलं की आपली मुलं आपण ह्या क्रांतीला गमावून बसलोय, आणि क्रांतीच्या मागं समलिंगी लोकांना देतात ती शिवी जोडली. कोर्टात आरोप दंगलीचा होता. पालकांपुढं राग निघाला तो राहणीचा. आणि आई-बापांपुढं तो इतक्या मोकळेपणानं निघाला, कारण समोर बसलेल्यांच्या मनातही तेच आहे अशी त्यांना खात्री असणार. मी पालकांशी बोलायला बसते तेव्हा ती सभा डोक्यात असते. फोरनसाहेबांना जी खात्री होती ती तुमच्याबद्दल कुणाला असू नये, एवढंच मला वाटतं.

वेषावरून माणूस तोलणं आपल्याकडंही नवं नाही. आपलं विद्यापीठ ज्यांच्या नावानं आहे त्या स्वामी रामानंद तीर्थांचा फोटो तुम्ही दर १७ सप्टेंबरला बघता. अंगावर भगवी वस्त्रं. मूळचे व्यंकटेश खेडगीकर, कामगार चळवळीत ना. म. जोशींच्या हाताखाली काम केलेले, १९३२ मध्ये संन्यास घेतलेले. नुसतं वेषाकडं बघितलं तर प्रवचनाला निघालेले बुवा वाटावेत. पण मागणी काय, तर जबाबदार राज्यपद्धती, लोकांनी निवडलेलं सरकार. निजाम सरकारनं १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी घातली ती संघटना जातीय आहे असं सांगून. स्वामीजी तुरुंगात गेले. १९४७ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा पकडले गेले. त्या काळी पोराला स्वामीजींच्या नादी लागू नको म्हणून दटावणारे आजोबा-पणजोबा आपल्याच घरांतले होते. आज त्याच घरात त्यांचा फोटो आहे.

तिकडं सोलापुरात १९३० च्या मार्शल लॉमध्ये गांधी टोपी डोक्यावर असली की लष्करी शिपायांचा मार बसे. कोण काय करतोय हे बघायची गरजच नव्हती, टोपी पुरेशी होती. पुढं तीच टोपी सत्ताधाऱ्यांचा गणवेश झाली. आता तर सत्काराच्या ताटात शाल-श्रीफळासोबत येते आणि घालून घेणारा फोटो निघाला की लगेच काढून ठेवतो.

सांगायचा मुद्दा असा की वेष हा पोरांच्या डोक्यातला निव्वळ भुंगा नसतो. तो पुष्कळदा बोलणं असतो. गांधीजींनी १९२१ मध्ये अंगावरचा सदरा उतरवला तो विचार करून, आणि पुढच्या वर्षी अहमदाबादला राजद्रोहाच्या खटल्यात न्यायाधीश ब्रूमफील्ड यांच्यापुढं ते तसेच पंचा नेसून उभे राहिले. बाबासाहेबांनी बरोबर उलटं केलं. ज्यांना फाटकंच नेसायची सक्ती होती त्यांच्या वतीनं ते सूटबूट घालून कोर्टात आणि परिषदेत बसले. १९२७ च्या डिसेंबरमध्ये महाडला त्यांनी बायकांना सांगितलं की अंगावरच्या ज्या दागिन्यांनी आणि लुगडं नेसण्याच्या ज्या पद्धतीनं तुमची जात ओळखली जाते, ते सोडा. एकानं कपडे उतरवले, दुसऱ्यानं चढवले. दोघांनाही बघणाऱ्याच्या डोळ्याला उत्तर द्यायचं होतं. तेव्हा पोराला “हे काय सोंग?” असं विचारण्यापेक्षा “हे कुणाला सांगायलास रे?” असं विचारून बघा. उत्तर नसेल तर फॅशन आहे, महिन्याभरात उतरेल. उत्तर असेल तर ते बसून ऐका, चहा करा.

अलीकडचं उदाहरण द्यायचं तर पुण्याच्या कबीर कला मंचाचं. डफ, गळ्यात गमछा, वस्त्यांतून गाणी. नक्षलवादाशी संबंध असल्याच्या आरोपावरून २०११ पासून अटका झाल्या. शीतल साठे आणि सचिन माळी २०१३ च्या एप्रिलमध्ये विधानभवनासमोर स्वतःहून हजर झाले, तेव्हा शीतल गरोदर होत्या. त्यांना त्याच वर्षी जामीन मिळाला, सचिन माळी आणि आणखी दोघांना मात्र सर्वोच्च न्यायालयातून तो मिळायला २०१७ उजाडलं. ह्याच प्रकरणातल्या काही आरोपींना मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. अभय ठिपसे यांनी जानेवारी २०१३ मध्ये जामीन दिला होता. समाजातल्या अन्यायाबद्दल बोललं, कुठल्या विचाराबद्दल सहानुभूती वाटली, एवढ्यानं कुणी बंदी घातलेल्या संघटनेचा सक्रिय सदस्य ठरत नाही, हा त्या आदेशाचा गाभा. कोर्ट दिसण्यापलीकडं बघतं ते असं. पण बघेपर्यंत वर्षं जातात, आणि ती वर्षं पोराची असतात. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही.

मुलींचं आणखी वेगळं. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हा सिनेमा पाहिला नसेल तर पोरांसोबत बसून पाहा. एका म्हाताऱ्या लोकशाहिरावर गाण्यामुळं आत्महत्येला प्रवृत्त केल्याची केस चालते, ती भूमिका नागपूरच्या वीरा साथीदारांनी केली होती. त्यात मध्येच एक लहानसा प्रसंग येऊन जातो: एक बाई बिनबाह्यांचे कपडे घालून आलेली असते, म्हणून न्यायाधीश तिचं प्रकरणच ऐकत नाही, पुढची तारीख देतो. कुणी आवाज चढवत नाही, सगळे पुढच्या कामाला लागतात. आमच्या बायका-वकिलांच्या खोलीत ह्या प्रसंगाचा विषय निघाला की कुणालाच तो सिनेमातला वाटत नाही. मुलगी मोर्चात पकडली गेली तर तिनं दगड मारला का, हे नंतर येतं. ओढणी कुठं होती, केस कापलेले का आहेत, रात्री बाहेर का होती, हे आधी. आणि खेदानं सांगते, हे प्रश्न चौकीत जितके येतात त्याहून जास्त घरातून येतात.

आता तुमच्या प्रश्नाचं रोखठोक उत्तर. तारखेला कसं न्यायचं?

नीट परीक्षेच्या दिवशी तुम्ही पोराला अर्ध्या बाहीचा शर्ट आणि चप्पल घालून पाठवता, मुलीच्या कानातलं काढून ठेवता. त्यावर घरात तत्त्वाची चर्चा होत नाही. त्या दाराचा तो नियम, एवढंच. कोर्टाच्या तारखेला तसंच बघा. साधा, धुतलेला शर्ट. गमछा, घोषणेचा टी-शर्ट नको, कारण समोरच्या वकिलाला बोट दाखवायला काहीतरी हवंच असतं. केस विंचरलेले, मोबाईल बंद. पुकारा झाला की खिशातले हात बाहेर. एवढं पुरे. दाढी धर्माची असेल, डोईवर पगडी असेल, तिला हात लावायचा नाही. आणि केस कापायला लावू नका. व्हिडिओत लांब केस आहेत आणि कोर्टात बारीक, तर लपवायला कापले असं म्हणायला समोरच्याला जागा मिळते. एखादा पोरगा म्हणेल, मी गमछा काढणार नाही. त्याला मी किंमत सांगते: जामिनाला उशीर होऊ शकतो, गैरसमज होऊ शकतो. तरी तो नाहीच म्हणाला तर ती त्याची भूमिका आहे, मी त्याचं वकीलपत्र सोडत नाही. तुम्हीही सोडू नका.

बेडीची लाज वाटते, तेही बोलून टाकू. सरसकट बेड्या घालणं घटनेला धरून नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८० मध्ये प्रेमशंकर शुक्ला प्रकरणात सांगितलं. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या फौजदारी प्रक्रियेच्या संहितेत काही गंभीर गुन्ह्यांसाठी आणि सराईत गुन्हेगारांसाठी ती मुभा आली आहे. मोर्चातल्या पोराला घातली तर कोणत्या कारणानं घातली हे आम्ही विचारू, ते आमच्यावर सोडा. आणीबाणीत जॉर्ज फर्नांडिस यांना बडोदा डायनामाइट प्रकरणात दिल्लीच्या कोर्टात बेड्या घालून आणलं तेव्हा त्यांनी तो बांधलेला हात वर केला. फोटो निघाला. सरकारला तो भयंकर माणूस दाखवायचा होता, १९७७ मध्ये मुजफ्फरपूरच्या मतदारांनी त्याच फोटोकडं बघून तुरुंगातल्या उमेदवाराला निवडून दिलं.

घरात मात्र एक गोष्ट करू नका. पोरगा जामिनावर सुटून आला की पहिल्याच रात्री त्याच्या केसांवरून उलटतपासणी घेऊ नका. त्याला आधी जेवू घाला. दुसऱ्या दिवशी काय घडलं ते सगळं विचारा, खरंच दगड उचलला होता का हेही विचारा, आणि तो हो म्हणाला तर मला सांगा. केस माझ्याकडं आहे आणि मला सगळं खरं लागतं. त्याचं दिसणं हा त्या प्रश्नाचा भाग नाही.

शर्टाची काळजी करणाऱ्या आयांना मी शेवटी कागदाचं सांगते, कारण सगळ्यात जास्त पोरं कागदावाचून आत अडकतात. जामीनदार आधी ठरवून ठेवा. त्याचा सातबारा, आठ-अ, घरपट्टीची पावती, आधार, रेशनकार्ड, दोन फोटो. मामाला उभं करायचं असेल आणि जमीन भावांच्या सामाईक नावावर असेल तर तहसीलमधून ऐपतीचा दाखला काढावा लागू शकतो. तो अर्ध्या दिवसात मिळत नाही, तेव्हा मामाला आदल्या दिवशीच बोलावून घ्या.